पाटीवरची अक्षरे

मासेमारीची बंदी उठल्यावर पहिल्याच आठवड्यात मालवणच्या एका ट्रॉलरवर माझ्या पुतण्याची तर्जनी विंचच्या दोरात सापडून तुटली. तांडेल, म्हणजे ट्रॉलरचा प्रमुख, जाणता माणूस. त्याने तुटलेला भाग ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला आणि ती पिशवी बर्फात ठेवली. ट्रॉलरवर बर्फाला काय तोटा! बोट थेट बर्फावर ठेवले असते, तर पेशी गोठून ते कामातून गेले असते. सिंधुदुर्गातील माणूस अशा वेळी गोव्यातील बांबोळीचे सरकारी रुग्णालय गाठतो, तसे आम्हीही गाठले. बोट जोडले गेले, पण ताठर राहिले.

पुढे एका हितचिंतकाने जवळच्याच एका दवाखान्याचे नाव सुचवले. पाटीवर ‘कॉस्मेटिक सर्जन’ असे ठळक लिहिलेले होते आणि खाली एमबीबीएसपुढे कसल्याशा प्रमाणपत्रांची आद्याक्षरे होती. ती अक्षरे उलगडण्याच्या खटपटीत मी नियम वाचून काढले.

अशा शस्त्रक्रिया प्लॅस्टिक सर्जनच्या, आणि तो होण्याचा रूढ मार्ग असा : आंतरवासितेसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे, जनरल सर्जरीतील एम.एस.ची तीन, नंतर अतिविशेषज्ञतेची वेगळी प्रवेश परीक्षा आणि एम.सीएच.ची आणखी तीन वर्षे. म्हणजे मध्ये एकही वर्ष वाया न गेले, तरी साडेअकरा वर्षे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही पदवीही याच तोडीची. या शेवटच्या तीन वर्षांत भाजलेले रुग्ण, दुभंगलेले ओठ, हाताच्या शस्त्रक्रिया, सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडणे असे सारे येते. विद्यार्थी आधी मदतनीस असतो, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली स्वतः शस्त्रक्रिया करतो, आणि त्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद लॉगबुकात करतो. मला या साऱ्या व्यवस्थेत ती वहीच सर्वांत विश्वासाची वाटते, कारण परीक्षेतील गुणांवरून हात किती सरावला आहे ते कळत नाही.

‘ज्या पुण्याच्या कारागिराने कपाळाच्या कातडीतून कावसजी नावाच्या माणसाचे कापलेले नाक पुन्हा घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली, त्याच्याकडे कुठली पदवी होती?’ असे माझे मेहुणे विचारतात. पदवी नव्हती हे खरे. पण ती विद्या दोन दिवसांच्या कार्यशाळेत शिकलेलीही नव्हती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केशरोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहणे म्हणजे पुरेसे प्रशिक्षण नव्हे, हे स्पष्टच लिहिले होते.

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार त्या शाखेची विशेष अर्हता नसताना डॉक्टरने स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घेता येत नाही, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात व चिठ्ठीवर असावा लागतो. तो क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत पडताळून पाहता येतो. हे सारे कागदावर चोख आहे. मात्र पाट्या वाचत फिरणारे कोणी मी तरी आमच्या बाजारपेठेत पाहिलेले नाही.

मी त्या दवाखान्यात फोन करून नोंदणी क्रमांक आणि एम.सीएच. कोठून झाले, एवढेच विचारले. ‘सर आत बिझी आहेत, तुम्ही आधी अपॉइंटमेंट घ्या,’ असे उत्तर मिळाले. पुतण्या आता दर पंधरवड्याला पहाटेच्या एसटीने पुन्हा बांबोळीलाच व्यायामासाठी जातो, आणि गेल्या आठवड्यात त्याने त्या बोटाने सुतळीची गाठ मारून दाखवली.