दोन कुप्या, एक आकडा

जुलैचा पाऊस. गोव्यात ताळगावच्या पठारावर असा झोडपत होता की आमच्या प्रयोगशाळेतले फिल्टर पेपरसुद्धा दमट लागत होते. एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, साखळी गावची, दोन कुप्या घेऊन आली. दोन्हींत राइखार्टचं तेच रंगद्रव्य, द्रावक बदलला की रंग बदलणारं. मिथेनॉलमध्ये लालभडक, ॲसिटोनायट्राइलमध्ये निळसर.

"मॅडम, मी गणित करून पाहिलं. कॉम्प्युटर म्हणतो, दोन्हींचा रंग जवळपास एकच."

कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर मात्र एकीकडे ५१५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण दाखवत होता, दुसरीकडे ६२५च्या. इतका फरक!

"पावसाळ्यात ॲसिटोनायट्राइलनं पाणी ओढलं असेल का?"

शंका रास्तच, हे रंगद्रव्य ओलाव्याची चाहूल फार लवकर घेतं. पण पाणी शिरलं असतं तर निळा लालाकडे सरकला असता, अंतर कमी झालं असतं. म्हणजे कुपीचा दोष नव्हता.

मग तिच्या गणिताची इनपुट फाइल उघडली. तिनं पीसीएम (पोलरायझेबल कंटिन्युअम मॉडेल) वापरलं होतं. त्यात द्रावकाचे रेणू नसतातच. रंगद्रव्याच्या रेणूभोवती त्याच्याच आकाराची पोकळी, बाहेर सगळं एकसंध माध्यम, आणि त्या माध्यमाची ओळख मुख्यतः डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून, म्हणजे ते विद्युत प्रभारांमधली ओढ किती कमी करतं त्यावरून. मिथेनॉलचा सुमारे ३३, ॲसिटोनायट्राइलचा ३६. अपवर्तनांकही १.३३ आणि १.३४. प्रोग्रामला दोघं जुळे भाऊच वाटणार! इटलीतल्या पिसाच्या टोमासी यांच्या गटानं १९८१मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि बहुतेक वेळा पुरेशी. मीही आधी तीच वापरते. इथे मात्र या रंगद्रव्याच्या ऑक्सिजनवर ऋण प्रभार साठलेला, आणि मिथेनॉलचा हायड्रोजन नेमका तिथेच बंध जोडतो. ॲसिटोनायट्राइलकडे तसा हायड्रोजनच नाही.

"मिथेनॉलचे दोन रेणू गणितात प्रत्यक्ष ठेव ऑक्सिजनजवळ. बाहेर पीसीएम राहू दे."

७२ अणूंचे ८४ झाले. मध्येच लाइट गेली, यूपीएसनं जीव वाचवला. संध्याकाळी आलेलं उत्तर कमी तरंगलांबीकडे, म्हणजे मोजलेल्या आकड्याच्या दिशेनं, चांगलंच सरकलेलं. प्रकाश शोषण्याआधी या रेणूचा द्विध्रुव, म्हणजे त्यातल्या धन-ऋण प्रभारांच्या फारकतीचं माप, सुमारे १५ डिबाय असतो, उत्तेजित झाल्यावर साधारण ६. म्हणून त्या बंधाचा आधार मूळ अवस्थेलाच जास्त मिळतो आणि वर चढायला ऊर्जा जास्त लागते.

पोरगी खूश व्हायची सोडून म्हणाली, "पण दोनच का? तीन का नाहीत? आणि ते एका जागी उभे थोडेच राहतात?"

हा प्रश्न मला आवडला, कारण खरं दुखणं तिथेच आहे. आता ती मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं गणिती चित्रण, चालवून त्यातल्या अनेक क्षणचित्रांवर तेच गणित करतेय. आमचा सर्व्हर बिचारा त्यातच गुंतलाय.