यॉर्कशायर: जिथे गेट म्हणजे रस्ता

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये मिकलगेटला जायचं असेल तर दरवाजा शोधू नका. इथे गेट म्हणजे रस्ता, वेशीच्या दरवाजाला म्हणायचं बार, आणि प्यायला जायचं ते पबात. हा विनोद इथे इतका जुना झालाय की गाइड तो सांगताना स्वतःही हसत नाही.

हे 'गेट' आलं व्हायकिंगांकडून. ८६६ साली डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांनी शहर घेतलं. पुढे सत्ता हातोहात बदलत राहिली आणि ९५४ मध्ये एरिक ब्लडॅक्स या शेवटच्या व्हायकिंग राजाला हाकलून लावलं. राजा गेला, शेतं कसणारी, दुकानं थाटलेली माणसं मात्र तिथेच राहिली. त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाता' म्हणत. कॉपरगेटची पाटी वाचून मला पुण्याची तांबट आळी आठवली, पण तांब्याचा इथे काही संबंध नाही. ही लाकडी पेले कातणाऱ्यांची आळी. १९७६ ते १९८१ या काळात इथे उत्खनन झालं, तेव्हा ओल्या मातीत टिकून राहिलेले पेले तर सापडलेच, पण कातकामात उरलेले लाकडाचे गाभेही मिळाले. त्याच जागी आता व्हायकिंगकालीन शहर उभं करून दाखवणारं यॉर्विक सेंटर हे संग्रहालय आहे. तिथली गर्दी आणि कृत्रिम वास मला फारसे रुचले नाहीत. काचेमागचे ते गाभे मात्र बराच वेळ बघत राहिलो.

खरी मजा वायव्येला, स्वेलडेलच्या खोऱ्यात. रीथ गावाच्या पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, कुरणाकुरणात एकेक दगडी कोठार आणि काळ्या तोंडाच्या मेंढ्या. इथल्या गावांची नावंच बघा: गनरसाइड म्हणजे गुन्नार नावाच्या कुणाचं तरी उन्हाळी कुरण. थ्वेट म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जमीन. केल्ड म्हणजे झरा. हजार वर्षांपूर्वी इथे कोण आलं आणि त्याने काय केलं, हे बसच्या थांब्यांवरच वाचायला मिळतं.

पबात बसल्यावर कान लावून ऐकलं. 'डाउन द पब'चं 'डाउन ट् पब' असं टी-शर्टांवर छापलेलं असतं, पण प्रत्यक्षात तो 'ट' नीट उमटतच नाही. 'द'च्या जागी घशात क्षणभर आवाज अडतो, इतकंच. ओढ्याला 'बेक', काही नाही म्हणायला 'नाउट', खेळायला 'लेक'. हे 'लेक' आणि डॅनिश 'लेगो'मधलं 'लेग' एकाच मुळाचे. याला गावंढळ इंग्रजी म्हणणारे लंडनमध्ये आजही भेटतात. गंमत म्हणजे ते स्वतः जे 'दे' (they) आणि 'देम' (them) वापरतात, तेही व्हायकिंगांच्या भाषेतून आधी उत्तरेत रुजले आणि मग दक्षिणेत उतरले.

अशा बोली जातील या काळजीने लीड्स विद्यापीठाच्या हॅरल्ड ऑर्टन यांनी १९५० ते १९६१ दरम्यान इंग्लंडभर ३१३ ठिकाणी माणसं पाठवली. तेराशेहून अधिक प्रश्नांची यादी घेऊन ती बहुतेक वेळा गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांसमोर बसत. गोठ्याला काय म्हणता, गवताच्या गंजीला काय म्हणता, असले प्रश्न. मला असलं काम आयुष्यभर करायला आवडलं असतं.

शेजारच्या टेबलावरचे दोन म्हातारे एकमेकांना 'था' म्हणत होते. हे मात्र व्हायकिंगांचं नव्हे, जुन्या इंग्रजीतलंच, आणि आपल्या 'तू'चं दूरचं भावंड. प्रमाण इंग्रजीने तू-तुम्ही हा भेद कधीच सोडून दिला; इथल्या जुन्या पिढीने तो राखलाय. घरात, मित्रांत 'था', पण थोरामोठ्यांना नाही. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यातल्या एकाने लहानपणी खाल्लेली बोलणी ऐकवली. मोठ्या माणसाला 'था' म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: "मला काय अरेतुरे करतोस? स्वतःलाच अरेतुरे कर आणि बघ कसं वाटतं ते!"