चारशेला सगळंच सॉफ्ट

ठाण्यात तलावपाळीजवळच्या आमच्या कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात सकाळी पहिल्याच आलेल्या मॅडमनी काउंटरवर दीड महिन्यापूर्वी घेतलेला कॅमेरा ठेवला. २४ मेगापिक्सेलचा, मध्यम आकाराच्या एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस, सोबत किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी छोटी लेन्स) आणि लांबचं जवळ आणणारी १००-४०० मिलिमीटरची झूम. सीवूड्सहून ट्रान्स-हार्बर लोकलने खास त्यासाठीच आल्या होत्या. "दादा, चारशेला सगळेच फोटो सॉफ्ट येतात. दुकानदार म्हणतो, एवढं चालायचंच. लेन्स खराब आहे असं लिहून द्या, म्हणजे मला बदलून मागता येईल."

लेन्स खराब आहे की नाही, हे ती उघडून कळत नाही. आधी फोटो वाचायचे. कार्डवर तीनशेच्या वर फ्रेम होत्या, बहुतेक नेरूळच्या टी. एस. चाणक्य पाणथळीवरच्या फ्लेमिंगोंच्या. कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर उघडल्या. ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो १९२० पिक्सेलच्या मॉनिटरवर तसा पाहिला की एका वेळी जेमतेम एक-तृतीयांश रुंदी दिसते, आणि चांगली लेन्सही तिथे थोडी मऊ वाटते. तेवढी सूट द्यावी लागते. त्यापलीकडचा धूसरपणा मात्र आपलं कारण सोबत घेऊन आलेला असतो.

एका फ्रेममध्ये फ्लेमिंगोच्या चोचीतून पाणी गळत होतं. प्रत्येक थेंबाची छोटी तिरपी रेघ झालेली, सगळ्या रेघा एकाच दिशेच्या आणि एकाच लांबीच्या. मागच्या चिखलावरच्या चमचमत्या ठिपक्यांचीही तशीच रेघ. म्हणजे कॅमेरा हलला. चिखल स्वच्छ आणि फक्त मान पुसलेली असती, तर पक्षी हलला म्हटलं असतं. शटर १/२५० सेकंद होतं. या सेन्सरचा क्रॉप १.५, म्हणजे तो फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान, म्हणून ४०० ची लेन्स हातात ६०० सारखी वागते. म्हणून शटर निदान १/६०० हवं, मी १/१००० सांगतो. स्टॅबिलायझर हाताचा कंप सावरतो, पक्ष्याची हालचाल नाही. उडत्या फ्लेमिंगोला १/२००० च्या खाली उतरायचंच नाही. त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२०० करावी. थोडा दाणा आला तरी चालतो, हललेला फोटो कशानेच दुरुस्त होत नाही.

दुसऱ्या काही फ्रेममध्ये पुढची तिवराची रोपं सुईसारखी टोकदार आणि पक्षी मऊ. हा फोकसचा घोळ. फोकसचं क्षेत्र 'पूर्ण फ्रेम'वर ठेवलेलं, त्यामुळे कॅमेरा जवळची आणि ठळक वस्तू पकडत होता. ४०० ला एफ/६.३ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं) १५ मीटरवरच्या पक्ष्याला शार्पपणाची पट्टी सुमारे ३५ सेंटिमीटर मिळते, ४० मीटरवर अडीच मीटर. थव्यातल्या पहिल्या रांगेवर फोकस असेल तर पाचवी रांग सुटणारच. अशा वेळी फोकस कंटिन्युअस, फोकसचा चौकोन लहान, आणि सोय असेल तर पक्ष्याचा डोळा ओळखणारी आय-डिटेक्शन चालू.

तिसऱ्या तऱ्हेच्या फ्रेमनी मात्र अडवलं. शटर १/२०००, कॅमेरा कठड्यावर टेकवलेला, चौकोन बरोबर डोळ्यावर. तरी फ्रेममध्ये कुठेच धार नाही, ना पुढे ना मागे. दिशा असलेली रेघही नाही. लांब पायांच्या कडेला मात्र एक फिकट दुसरी कड, जणू त्याच पायाची पुसट प्रत शेजारी उभी आहे.

मग लेन्सच तपासायला इमारतीच्या पॅसेजमध्ये भिंतीवर वर्तमानपत्राचं पान आडवं, ताणून चिकटवलं. सात मीटरवरून ४०० ला सुमारे ४१ सेंटिमीटर रुंद भाग येतो, पान पुरतं. मराठी छपाई या कामाला फार चांगली: अनुस्वाराचा ठिपका, मात्रेची तिरपी रेघ आणि आडवी शिरोरेषा, तिन्ही आपापल्या तऱ्हेने बिघडतात. कॅमेरा भिंतीला समांतर हवा, नाहीतर एक बाजू मऊ येते आणि आळ लेन्सवर जातो. त्यासाठी पानाच्या मध्यावर छोटा आरसा सपाट धरायचा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचंच प्रतिबिंब दिसलं की समांतर. ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, २ सेकंदांचा टायमर, इलेक्ट्रॉनिक शटर. फोकस हाताने, दहापट मोठं करून.

आणि फोकस लागेना. रिंग फिरवताना शिरोरेषा एका जागी झटकन उठून दिसायला हवी, तशी ती दिसत नव्हती. अलीकडे मऊ, पलीकडे मऊ, मध्येही मऊच. ऑटोफोकसचा दोष असता तर हाताने तरी लागला असता. म्हणजे काचेतच काहीतरी होतं.

लेन्ससमोर यूव्ही फिल्टर, म्हणजे वरून बसवायची सपाट काच, होता. "हा कुठून घेतला, मॅडम?"

"कॅमेऱ्याबरोबर फुकट दिला त्यांनी. काचेवर ओरखडा नको म्हणून."

तो काढला आणि बाकी काही न हलवता पुन्हा रिंग फिरवली. शिरोरेषा झटकन उठली. अनुस्वार गोल, मात्रा सुटी. एफ/६.३ वर कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ होते, पण चारही सारखेच. एकच कोपरा किंवा एकच बाजू पडली असती, तर आतली काच सरकली आहे असं लिहून दिलं असतं. एफ/८ ला कोपरेही सावरले.

फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरपा धरून दाखवला. चांगल्या काचेत ट्यूबचं प्रतिबिंब मंद, हिरवट-जांभळट दिसतं आणि काच हलवली तरी सरळ राहतं. इथे ते पांढरंशुभ्र होतं, म्हणजे कोटिंग नाही, आणि काच कलवली की पाण्यातल्या काठीसारखं वाकत होतं.

मॅडमनी नेमका प्रश्न विचारला: "मग किट लेन्सवरही त्याच दुकानदाराचा फिल्टर आहे, तिचे फोटो कसे चांगले येतात?" ४०० ला एफ/६.३ म्हणजे प्रकाश आत येण्याची वाट जवळपास ६३ मिलिमीटर रुंद. फोटोतला प्रत्येक बिंदू ६७ मिलिमीटरच्या फिल्टरच्या जवळजवळ सगळ्या काचेतून येतो, तिचा प्रत्येक उंचवटा त्याला बाधतो. किट लेन्सची १८ ला, एफ/३.५ वर तीच वाट जेमतेम ५ मिलिमीटर. प्रत्येक बिंदू काचेच्या एका चिमुकल्या तुकड्यातून येतो, आणि तेवढा तुकडा बऱ्यापैकी सपाट असतो. ओरखड्यापासून आणि बोटांपासून लेन्सला जपायला हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची नळी, पुरतो, तो डब्यात न उघडलेला पडला होता.

एवढ्यावर त्यांना परत पाठवणं मला बरं वाटेना, कारण काही फ्रेम भर दुपारच्या होत्या. एकच्या सुमारास तलावावर गेलो. फिल्टर नाही, हूड लावलेला. पलीकडच्या इमारतीच्या बाल्कनीची जाळी दहापट मोठी करून पाहिली, तर उभ्या सळ्या सापासारख्या वळवळत होत्या. एकापाठोपाठ दहा फ्रेम घेतल्या, प्रत्येकीत जाळीचा वेगळाच तुकडा बरा आणि बाकी विरघळलेला. ही तापलेल्या हवेची झळ. तिच्यापुढे महाग लेन्सही हरते आणि शटर कितीही वाढवलं तरी वळलेल्या सळ्या सरळ होत नाहीत. ओहोटीला उघडा पडलेला चिखल उन्हात असाच तापतो. मॅडमना सांगितलं, सूर्योदयानंतर पहिल्या दीड तासात आणि भरतीची वेळ बघून जा. खाडीत पाणी चढलं की थवे तिथून उठून तुमच्या पाणथळीवर येऊन बसतात, तुमच्या आणि पक्ष्याच्या मधे तापलेली हवाही कमी राहते.

त्यांच्या भाच्याने 'एफ/२२ ठेव, सगळं शार्प येतं' असं सांगितलं होतं. तेही खोडून टाकलं. एफ/२२ ला प्रकाशाचा एक बिंदू विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना पसरल्याने, सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका होतो, आणि या सेन्सरचा पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा. या लेन्सला पक्ष्यांसाठी एफ/६.३ ते एफ/८, बस.

निघण्यापूर्वी तलावातल्या खांबावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता, पंचवीसेक मीटरवर. मॅडमनी कठड्याला कोपर टेकवून १/१६०० ला सहा फ्रेम घेतल्या. दुकानात येऊन मोठ्या केल्या. चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंब गोल होता. मी बिलावर लिहिलं, 'लेन्स निर्दोष, फिल्टर सदोष', आणि फक्त तपासणीचे पैसे लावले.