आग्वादच्या जेलसाठी रांग कोण लावणार?

मी गोव्यातल्या एका आमदाराच्या ऑफिसात काम करतो. अर्ज लिहिणं, फोन घेणं आणि अधिवेशन जवळ आलं की प्रश्न तयार करून पर्वरीला, म्हणजे विधानसभेत, पाठवणं. आमचा मतदारसंघ आतल्या भागातला, समुद्र नाही, टुरिस्ट नाही. सकाळी दार उघडायच्या आधीच लोक उभे असतात, कुणाचा नळ कोरडा, कुणाचा ट्रान्सफॉर्मर उडालेला, कुणाला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बेड पाहिजे, कुणाच्या पोराला नोकरी.

त्या दिवशी रांगेत एक काका होते, सत्तरीच्या पुढचे. हातात प्लास्टिकची फाईल, त्यात वडिलांच्या ताम्रपत्राची झेरॉक्स, घड्या पडून पडून मधोमध पांढरी रेघ उमटलेली. मला वाटलं नोकरीचाच विषय असणार, कारण स्वातंत्र्यसैनिकांच्या मुलांना सरकारी नोकरी हे प्रकरण आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललंय. पण काका म्हणाले, माझी मुलं लागली कामाला, मला काही नको. आमचे बाबा पोर्तुगीजांच्या वेळी आग्वादला आत होते, आता तिथे म्युझियम झालंय, आपल्या गावच्या शाळेतली एक तरी बॅच तिथे गेली का विचारा ना भाईंना.

भाई, म्हणजे आमचे आमदार, आतूनच ऐकत होते. माणूस वाईट नाही पण हिशेबी. म्हणाले, "काका, आग्वाद आपल्या मतदारसंघात नाही हो." आणि मग मला हळूच म्हणाले ते मी विसरणार नाही. जेल चालू होतं तेव्हा आग्वादची कामं आपल्याकडेसुद्धा यायची, कुणाचा भाऊ आत, त्याला पॅरोल पाहिजे, कुणाच्या मुलाला औषध पोचत नाही. 2015 ला कैदी कोलवाळच्या जेलला हलवले आणि ते फोनही कोलवाळसाठी यायला लागले. रिकाम्या जेलसाठी कोण फोन करणार?

खरं आहे. 19 डिसेंबर 2021 ला गोवा मुक्तीला साठ वर्षं झाल्याच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी एकाच दिवशी बरीच उद्घाटनं केली, त्यात गोमेकॉचा सुपर स्पेशालिटी ब्लॉक 380 कोटींच्या वर, मडगावचं जिल्हा हॉस्पिटल साधारण 220 कोटी आणि स्वदेश दर्शन योजनेतून दुरुस्त केलेलं आग्वाद जेल 28 कोटी. कुठल्याही आमदाराला विचारा, त्यातलं पहिलं काय मोजणार, हॉस्पिटलच. मीही तेच मोजेन, उगाच आव कशाला आणा.

पण त्याच दुपारी भाईंना कांदोळीला एका मीटिंगला जायचं होतं आणि का कुणास ठाऊक त्यांनी काकांना गाडीत बसवलं. परत येताना आम्ही आग्वादला उतरलो. वरचा किल्ला 1612 चा, सगळे तिकडे फोटोला जातात, जेल खाली समुद्राच्या अंगाला आहे. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते टी. बी. कुन्हा, त्यांना पोर्तुगालला पेनीशच्या किल्ल्यात पाठवायच्या आधी इथेच ठेवलं होतं. राममनोहर लोहियांना 1946 च्या सप्टेंबरअखेर कुळे स्टेशनवर पकडलं आणि इथेच आणलं. त्यांच्या कोठड्या दाखवतात. एक फॅमिली गजाला धरून कैद्यासारखी पोझ देत होती, हसत होती, आणि मला राग आला म्हणावं तर तसाही नाही आला, कारण त्या पोरांना आत कोण होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. काका कोठडीत गेले नाहीत. बाहेर उभं राहून पायांनी लांबी मोजली आणि म्हणाले, बाबा सांगायचे त्यापेक्षा मोठी वाटते. भाई काहीतरी बोलायला गेले आणि गप्प बसले.

गाडीत बसल्यावर भाई मला म्हणाले, प्रश्न लिही. या जागेतून वर्षाला उत्पन्न किती, देखभालीवर खर्च किती, सरकारी शाळांच्या किती सहली आल्या, तालुकावार. मी म्हटलं, भाई, रस्त्याच्या हॉटमिक्सचा प्रश्न आहे, पाण्याच्या पाइपलाइनचा आहे, प्रश्न मोजकेच टाकता येतात, हा टाकला तर त्यातला एक जाणार. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी हॉटमिक्स गेला. पाइपलाइन राहिली, ती काढली असती तर दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडता आलं नसतं.

सभागृहात आमचा नंबर येईपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपला, उत्तर नुसतं टेबलवर ठेवलं, चर्चा नाही. असं नेहमीच होतं. काकांनी संध्याकाळी फोन करून विचारलं, आमचा विषय आला का? मी काय सांगणार. भाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं की बस मी देतो, तुम्ही हेडमास्तरांना तारीख ठरवायला सांगा.

सातवी-आठवीची पोरं गेली, काका पुढच्या सीटवर. ही बातमी गावात फिरली आणि दोन दिवसांत ऑफिसात अर्ज आले, आम्हालाही बस द्या म्हणून. सगळे पंढरपूरसाठी.