कंपनीच्या डेस्कटॉपात ग्राफिक्स कार्ड घालायचंय? आधी झाकण उघडा

रिफर्बिश्ड म्हणून मिळणारे डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर आता जळगाव-धुळ्याकडे घराघरात दिसतात. पोराला जीटीए खेळायचा असतो किंवा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग सुरू करायचं असतं, आणि प्रश्न येतो की यात ग्राफिक्स कार्ड बसेल का. दुकानात उत्तर तयार असतं: ‘चाली जाई ना भाऊ.’ बसेलही. पण कोणतं बसेल हे गेम ठरवत नाही, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट ठरवतात. म्हणून जळगावच्या गोलाणी मार्केटला जायच्या आधी घरी झाकण उघडा.

डबा पुस्तकाएवढा असेल, म्हणजे मायक्रो किंवा टायनी, तर विषय तिथेच संपला. त्यात स्लॉटच नसतो. बाकीच्यांत पॉवर सप्लायवरचा स्टिकर वाचा. उदाहरणार्थ ऑप्टिप्लेक्स ९०२० च्या उभ्या मिनी टॉवरला २९० वॉट असतो, आडव्या छोट्या एसएफएफला २५५. आय५-४५७० प्रोसेसरचे ८४ वॉट, कार्डाचे ७५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ३०-४० धरा. बेरीज २०० च्या आसपास जाते, म्हणजे २९० मध्ये निवांत बसतं. हे ७५ वॉट कार्ड थेट स्लॉटमधून घेतं. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटची कमाल मर्यादाच तेवढी आहे. काही छोट्या मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये त्याहूनही कमी वॉट लिहिलेले असतात, तेवढं पान नक्की बघा.

त्याहून मोठ्या कार्डाला ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लागते आणि या सप्लायमधून ती सहसा निघतच नाही. मग कोणीतरी साटा (हार्डडिस्कला जाणारी वायर) ते ६ पिन अडॅप्टर हातात ठेवतो. घेऊ नका. साटाच्या पॉवर प्लगमध्ये १२ व्होल्टच्या ३ पिना, प्रत्येकीची क्षमता १.५ अँपिअर, म्हणजे सगळे मिळून ५४ वॉट. ६ पिनचं कनेक्टर मागतं ७५ वॉटपर्यंत. गेम चालू असताना प्लग तापतो, प्लॅस्टिक मऊ पडतं, काळं होतं आणि जळका वास आल्यावर कळतं. पॉवर सप्लायच बदलू म्हणाल, तर या डेलच्या बोर्डावर नेहमीचं २४ पिन नसून ८ पिनचं कनेक्टर आहे आणि एचपी-लेनोव्होची तऱ्हा आणखी वेगळी. कन्व्हर्टर केबल मिळते, पण एसएफएफमध्ये साध्या मापाचा सप्लाय मावतच नाही. एवढा खटाटोप करण्यापेक्षा विना-कनेक्टरचं कार्ड बरं, हे माझं ठाम मत.

आता जागा. मिनी टॉवरमध्ये पूर्ण उंचीचं कार्ड जातं. एसएफएफमध्ये फक्त लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं, आणि सोबत कार्ड मागे कसायची छोटी पट्टी हवीच. सेकंडहँड कार्डाबरोबर ही पट्टी बहुतेक वेळा हरवलेली असते, म्हणून पैसे देण्याआधी मागा. जाडीही मोजा. काही मॉडेलांत मोठा स्लॉट पॉवर सप्लायला खेटून असतो, तिथे दोन स्लॉट जाडीचं कार्ड अडकतं. टॉवरमध्येसुद्धा कार्डाचं टोक हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला किंवा साटा वायरीला भिडतं. टेप लावून लांबी घ्या, अंदाजावर जाऊ नका.

७५ वॉटच्या आतली निवड फार मोठी नाही. जीटीएक्स १६५० अजून चांगलं काम देतं, पण त्याच नावाच्या काही कार्डांना ६ पिन लागतं; बॉक्सवरचं नाव वाचून भागत नाही, कार्डाची वरची कड बघायची. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॉटचं आहे आणि नवीन घेणार असाल तर तेच घ्या. ८ जीबीचं ३०५० वेगळं, त्याला वायर लागते. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॉट घेतं, छोट्या डब्यात मस्त बसतं, पण बोर्डाशी डेटाची ये-जा करायला त्याला चारच लेन (मार्ग) आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर वेग घटतो. शिवाय त्यात तयार व्हिडिओ झटपट सेव्ह करून देणारा एन्कोडर नाही, तेव्हा एडिटिंगवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार ही बोर्डावरची सोय लागते. चौथ्या-सहाव्या पिढीच्या ऑफिस मशीनवर ती मिळण्याची आशा धरू नका. १०५० टीआय स्वस्तात मिळतं, पण एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नवे गेम ड्रायव्हर २०२५ च्या ऑक्टोबरनंतर बंद केलेत. आणि जीटी ७३० च्या ‘४ जीबी’ला भुलू नका. डीडीआर३ मेमरी ४ जीबी असली काय नि २ असली काय, ते कार्ड गेमसाठी कामाचं नाही.

फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्यांनी तर कार्डाचा विचार शेवटी करावा. कोरलड्रॉला आधी रॅम आणि एसएसडी द्या.

बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमचा) अपडेट राहिला असेल तर तो कार्ड घालायच्या आधी, यूपीएसवर, आणि लोडशेडिंगची वेळ टाळून करा. मध्येच लाइट गेली तर बोर्डच मरतो. नंतर मशीन बंद, प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून ठेवा. हात कॅबिनेटच्या धातूला लावून घ्या. मागची पट्टी काढा, स्लॉटमधली धूळ ब्रशने झाडा, कार्ड सरळ खाली दाबा. ‘टक’ असा आवाज येऊन मागची खिट्टी बसली पाहिजे. मग मॉनिटरची वायर कार्डाला जोडा. ‘कार्ड चालत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांची वायर अजून मदरबोर्डलाच असते. जुना व्हीजीए मॉनिटर असेल तर नव्या कार्डांवर ते पोर्ट नाही. एचडीएमआय ते व्हीजीएचं चिप असलेलं कन्व्हर्टर घ्या.

पंखा फिरतो पण चित्र नाही? कार्ड आणि रॅम काढून परत बसवा, बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणसेल बदला. तरी नाही आलं तर कार्ड काढून बायोसमध्ये जा (डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१), प्रायमरी डिस्प्ले ऑटोवर ठेवा, बूट यूईएफआय या नव्या पद्धतीवर आणा. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर मोड बदलण्याआधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीत आणावी लागते, नाहीतर विंडोज उघडणार नाही. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्या. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर सेफ मोडमध्ये डीडीयू हा ड्रायव्हर काढायचा प्रोग्रॅम चालवून जुना ड्रायव्हर साफ करा.

सेकंडहँड कार्ड घेतलं असेल तर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) लगेच उघडा. जुन्या ५५० टीआयवर खोटा बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरतात. अशा कार्डाच्या नावाआधी जीपीयू-झेडमध्ये ‘फेक’ असं दिसतं. खऱ्या १०५० टीआयला ७६८ कोअर, १६५० ला ८९६.

आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. भुसावळला बाहेर ४५ असताना खोली ४० ला जाते आणि छोट्या डब्यातलं कार्ड ८० च्या पुढे सरकतं. ८३ च्या आसपास ते स्वतःच वेग कमी करतं, गेम अडखळायला लागतो, आणि लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको; तुषार आत जातात. जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाचा तंतू कार्डाच्या पंख्यामागे नमद्यासारखा बसतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला टेस्टर लावला की दिवा पेटतो, हात लावला की झिणझिणी येते, हे घरोघरी चालतं. सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरमुळे अर्थ नसलेल्या डब्यावर साधारण ११० व्होल्ट तरंगत राहतात. करंट नगण्य, पण एचडीएमआय लावताना ठिणगी उडाली तर कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रॉड मातीपासून सुटतो. खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता, आणि एचडीएमआय केबल नेहमी मशीन आणि मॉनिटर दोन्हींचे पॉवर प्लग काढूनच जोडा.