शेवटचे दोन शब्द

आमच्या वाचनगटात दर महिन्याला परभाषेतल्या एखाद्या कथेचा छोटा तुकडा मराठीत करून आणण्याची पद्धत आहे. या वेळी माझ्या वाट्याला जॉर्ज ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’मधल्या भिंतीवरच्या सात आज्ञा आल्या. सातच वाक्ये, तीही पाचवीतल्या मुलाला कळतील अशी. चहा निवायच्या आत काम उरकेल अशा भरवशावर मी बसलो, आणि दुसऱ्याच आठवड्यात गटाला मुदत वाढवून मागावी लागली.

१९४५ साली प्रसिद्ध झालेली ही रूपककथा बहुतेकांना ठाऊक आहे. शेतावरची जनावरे मालकाला हाकलून देतात, सर्वांचे राज्य स्थापन करतात आणि पाहता पाहता ते राज्य डुकरांचे होऊन बसते. रशियन राज्यक्रांती आणि पुढची स्टालिनची राजवट यांच्याशी तिचा सांधा कुठे कुठे जुळतो, हे शाळा-कॉलेजांतून इतके शिकवले गेले आहे की त्यात मी भर घालण्याजोगे काही नाही. नेपोलियन या डुकराने वाढवलेले नऊ कुत्रे कथेत आहेत, दहशत आहे, भर अंगणात पाडलेले मुडदेही आहेत. तरीही हे राज्य कुजते ते प्रामुख्याने वाक्यांमधून, आणि तेही वाक्याच्या एका ठराविक जागी. ती जागा मला भाषांतर करायला बसेपर्यंत दिसली नव्हती.

डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत आज्ञा लिहिलेल्या आहेत. कोणत्याही प्राण्याने बिछान्यात झोपू नये, दारू पिऊ नये, दुसऱ्या प्राण्याला ठार मारू नये, अशा. पुढे डुकरे मालकाच्या घरात राहायला जातात, तेव्हा बिछान्याच्या आज्ञेला ‘चादरी घातलेल्या’ एवढी पुस्ती जोडली जाते. दारूच्या आज्ञेला ‘प्रमाणाबाहेर’ आणि हत्येच्या आज्ञेला ‘विनाकारण’ अशी शेपटी फुटते. जनावरे भिंतीपाशी येतात, वाचतात, आणि आपल्यालाच आज्ञा नीट आठवत नव्हती अशी स्वतःची समजूत घालतात. हत्येच्या आज्ञेबद्दल निवेदक सांगतो की शेवटचे दोन शब्द कसे कोण जाणे, पण प्राण्यांच्या स्मरणातून निसटले होते.

इथेच माझी लेखणी अडली. इंग्रजी वाक्यात नकार पहिल्याच शब्दात येऊन जातो. त्यामुळे वाक्याचे शेवटचे टोक मोकळे राहते आणि रात्री कोणी शिडी लावून त्यापुढे दोन शब्द रंगवले, तर आधीचे एकही अक्षर हलवावे लागत नाही. मराठीत नकार शेवटी येतो. ‘नये’ ही वाक्याच्या दाराला आतून घातलेली कडी आहे. ‘कोणत्याही प्राण्याने दारू पिऊ नये’ या ओळीत ‘प्रमाणाबाहेर’ बसवायचे, तर ते ‘दारू’च्या आसपास, वाक्याच्या ऐन पोटातच बसवावे लागते. म्हणजे स्क्वीलरला, अर्थात नेपोलियनच्या त्या बोलघेवड्या प्रचारकाला, अर्धी ओळ खरवडून पुन्हा लिहावी लागली असती, आणि मध्यरात्री मोडलेली शिडी, कंदील, कुंचला आणि सांडलेला पांढरा रंग यांच्यामध्ये तो धडपडलेला सापडतो त्या प्रसंगी भिंतीवर अर्धवट पुसलेली ओळही सापडली असती. थोडक्यात, ‘शेवटचे दोन शब्द’ मराठीत शेवटचे राहत नाहीत, दोनही राहत नाहीत. मूळ कथेतली लबाडी इंग्रजी वाक्यरचनेच्या अंगभूत सोयीवर उभी आहे.

गटातल्या एका निवृत्त वकीलबाईंनी यावर तोड सुचवली. आपल्या अधिनियमांच्या मराठी पाठांत अपवाद सांगायची वेळ आली की मूळ वाक्य पूर्ण होऊ देतात आणि पुढे ‘परंतु,’ असे लिहून नवे वाक्य सुरू करतात. म्हणजे कडी लावून झाल्यावर शेजारी दुसरे दार पाडायचे. ‘दारू पिऊ नये, परंतु प्रमाणात प्यायल्यास हरकत नाही.’ हे शुद्ध सरकारी मराठी आहे आणि वाचताना गंमतही वाटते, पण यात लबाडी फार लांबलचक होते. प्राण्यांच्या स्मरणातून दोन शब्द निसटू शकतात, अख्खे वाक्य निसटत नाही. शेवटी मी ‘प्रमाणाबाहेर’ आणि ‘विनाकारण’ हे शब्द पोटातच बसवले आणि निवेदकाच्या तोंडी ‘मधला एक शब्द’ घातला. हा बदल मला अजूनही बोचतो.

घोषणेच्या बाबतीत मात्र मराठी अडली नाही, कारण घोषणेला क्रियापद लागत नाही. मेंढ्यांना सातही आज्ञा पाठ होईनात म्हणून त्यांना चार पाय चांगले आणि दोन पाय वाईट एवढे एकच सूत्र दिले जाते आणि त्या ते तासन्‌तास बेंबटत राहतात. इंग्रजीतल्या ‘बॅड’ या शब्दात मेंढीचे ओरडणे ऐकू येते, ते ‘वाईट’मध्ये येत नाही. मी ‘चार पाय छान, दोन पाय घाण’ असे केले. मग डुकरे मागच्या दोन पायांवर चालू लागतात त्या दिवशी मेंढ्या नुसता शेवटचा शब्द फिरवतात: ‘चार पाय छान, दोन पाय महान’. चाल तीच, ठेका तोच, यमकही शाबूत. विचार करायला जागाच नसलेल्या वाक्यात बदल करायलाही काही कष्ट पडत नाहीत.

बिछान्याने सर्वांत जास्त छळले. स्क्वीलरचा युक्तिवाद असा की बिछाना म्हणजे झोपण्याची जागा. त्या अर्थी गोठ्यातला पेंढ्याचा ढीगही बिछानाच. बंदी होती ती चादरींवर, कारण चादर हा माणसाचा शोध. आणि आम्ही तर चादरी काढून घोंगड्यांत झोपतो. आता मराठीत ‘पलंग’ म्हटले तर हा युक्तिवाद उभाच राहत नाही, कारण पेंढ्याला पलंग कोणी म्हणणार नाही. ‘अंथरूण’ म्हटले तर उलट अडचण होते: जे जे अंथरले ते अंथरूण, म्हणजे मूळ आज्ञेप्रमाणे पेंढ्यावर झोपणेही गुन्हा ठरले असते, आणि चादर तर स्वतःच अंथरूण. स्क्वीलरला शब्द हवा तो सैल, पण इतका सैल नाही की पहिल्याच दिवशी कोणी शंका काढावी. असा शब्द शोधताना मी नकळत त्याच्याच बाजूने विचार करू लागलो, हे लक्षात आल्यावर लेखणी खाली ठेवून जरा फिरून आलो. ‘काळ्याचे पांढरे करणे’ ही स्क्वीलरची ख्याती इंग्रजीतही जवळपास याच शब्दांत सांगितली आहे. भिंत काळी, रंग पांढरा.

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर याचा एक घरगुती मासला आहे. ‘गच्चीवर खासगी कार्यक्रम करू नयेत’ अशी टंकलिखित सूचना गेली काही वर्षे तिथे होती. मागच्या दिवाळीत समितीतल्या एकांच्या घरचे केळवण गच्चीवर झाले आणि दुसऱ्या दिवशी ‘गच्चीवर’च्या पुढे निळ्या शाईचे काकपद, म्हणजे राहिलेला शब्द घालण्याची खूण, येऊन वर बारीक अक्षरांत ‘पूर्वपरवानगीशिवाय’ असे लिहिलेले दिसले. मुद्रिते तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला काकपद लगेच दिसते. इतरांनी मात्र ती सूचना पहिल्यापासून तशीच होती असे मला शपथेवर सांगितले. मराठी वाक्य लबाडाला निदान काकपद तरी उमटवायला लावते, एवढे समाधान मी करून घेतले.

शब्दांची अदलाबदल हे स्क्वीलरचे दुसरे हत्यार. शिधा कमी होतो, पण तो त्याला ‘कपात’ कधीच म्हणत नाही. तो त्याला जे म्हणतो त्याच्यासाठी मराठीत शब्द हुडकायला मला क्षणही लागला नाही. ‘समायोजन’. अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे जे होते तेच. दर वाढले की ‘सुधारित दरपत्रक’ लागते. वाढीला सुधारणा म्हणण्याइतकी आपली कार्यालयीन मराठी तयार आहे. आणि ‘करण्यात येत आहे’ हा प्रयोग तर स्क्वीलरला इंग्रजीतही मिळाला नसेल इतका सोयीचा आहे, कारण त्यात करणारा कोण हे विचारायला व्याकरणात जागाच ठेवलेली नाही.

ऑर्वेलला हे सारे आतून माहीत होते. १९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या पूर्व विभागात हिंदुस्थानसाठीच्या कार्यक्रमांचे काम करत होता. तिथे वेणू चितळे या मराठी बाई त्याच्या सहकारी होत्या, आणि त्याने इंग्रजीत लिहिलेली काही वार्तापत्रे मराठीसह आपल्याकडच्या इतर भाषांत उतरवून प्रसारित होत. युद्धकाळ असल्याने प्रत्येक मजकूर तपासनिसाच्या हातून जात असे. म्हणजे ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहिण्याआधीच त्याची वाक्ये मराठीत गेली होती, तीही सरकारी चाळणीतून. ‘नये’च्या पुढे काही लिहिता येत नाही, हे त्या टेबलावर कोणी त्याला सांगितले असेल का, अशी एक पोरकट कल्पना माझ्या मनात येऊन गेली.

हेच पुस्ती जोडण्याचे तंत्र त्याने स्वतः एकदा वापरले आहे, आणि तेही उलट्या दिशेने. पवनचक्की सुरुंगाने उडवली जाते तेव्हा नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर तोंड लपवून पडतात, असे त्याने आधी लिहिले होते. मार्च १९४५ मध्ये, पुस्तक छापले जाण्याआधी, त्याने पॅरिसहून प्रकाशकांना कळवून ते ‘नेपोलियन सोडून सगळे’ असे करायला लावले. जर्मन सैन्य चालून आले तेव्हा स्टालिन मॉस्को सोडून गेला नव्हता, त्याच्यावर अन्याय नको, हे कारण. ज्या जुलमी माणसावर कोरडे ओढण्यासाठी पुस्तक लिहिले, त्याच्या पदरात त्याचे माप बिनचूक टाकण्यासाठी केलेली ही दुरुस्ती मला अख्ख्या पुस्तकातली सर्वांत सरळ ओळ वाटते.

मात्र खरा पेच भिंतीवर नव्हता, क्रियापदात होता. इंग्रजीत राजालाही ‘यू’ आणि घोड्यालाही ‘यू’, त्यामुळे नेपोलियनचे मोठेपण दाखवायला ऑर्वेलला बिरुदांची माळ लागते: आमचे नेते, सर्व प्राण्यांचे पिता, वगैरे. मराठीत ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’ हे दर वाक्यागणिक ठरवावेच लागते. बंडाच्या रात्री सगळेच ‘अरे-तुरे’तले. मग पहिला ‘म्हणाले’ कोणाच्या तोंडी, कोणत्या दिवशी? निवेदकापुरता मी निर्णय लगेच घेतला: त्याने शेवटपर्यंत ‘म्हणाला’च म्हणायचे. आपण विठ्ठलाला, आईला आणि आवडत्या लेखकाला एकेरीतच हाक मारतो. एकेरीत अनादर असतोच असे नाही. स्क्वीलर बदलणार हेही उघड होते. सफरचंदे आणि दूध डुकरांनाच का लागते हे समजावताना तो ‘आपण’ म्हणतो. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे असल्यामुळे तो कधी ‘आपण’ सोडून ‘आम्ही’वर घसरतो हे दाखवायची आयती संधी मिळते.

अडचण होती बॉक्सरची, त्या कष्टाळू, भोळ्या घोड्याची. मुळाक्षरांत तो चौथ्या अक्षरापुढे कधी गेला नाही. ‘नेपोलियनचे नेहमी बरोबर असते’ हे त्याचे पालुपद. ‘नेपोलियन म्हणतो’ की ‘नेपोलियन म्हणतात’? मी ‘म्हणतो’ ठेवले. त्याच्या लेखी नेपोलियन अजून बंडातला सोबतीच आहे, त्याला बढती मिळाल्याची खबर या घोड्याच्या व्याकरणापर्यंत पोचलेलीच नाही. मग तो कोसळतो, आणि त्याला न्यायला गाडी येते. तिच्यावरची पाटी बेंजामिन गाढव मोठ्याने वाचून दाखवते: घोडे कापणाऱ्या खाटकाचे नाव. या कथेत लिहिलेले शब्द खरे बोलतात असा हा दुर्मीळ प्रसंग, आणि त्यावरही स्क्वीलर रंग चढवतो की गाडी आता पशुवैद्याने विकत घेतली आहे, जुने नाव पुसायचे तेवढे राहून गेले. बॉक्सरच्या शेवटच्या क्षणी आपण उशाशी होतो असे सांगून तो त्याचे अखेरचे शब्दही ऐकवतो. ते शब्द मी असे लिहिले: ‘कॉम्रेड नेपोलियन म्हणतात तेच बरोबर असते.’ बॉक्सर आयुष्यभर ‘म्हणतो’ म्हणत आला, हे ज्याच्या कानात असेल त्याला त्या एका ‘त’वरून कळेल की तिथे कोणीही नव्हते. मूळ इंग्रजीत ही खूण नाही, असूच शकत नाही. गटातल्या दोघांनी हा आगाऊपणा ठरवला, वकीलबाईंनी ‘साक्ष फुटली’ असा शेरा मारला. मी ती ओळ ठेवली आहे.

राहिली सातवी आज्ञा, सर्वांना पाठ असलेली. बाकी साऱ्या पुसल्या जाऊन एकटी उरते आणि तिला ती प्रसिद्ध पुस्ती लागते. ‘सर्व प्राणी समान आहेत, परंतु काही प्राणी इतरांपेक्षा अधिक समान आहेत.’ सरकारी ‘परंतु’ इथे चपखल बसला. पण ‘समान’ने वेगळाच घोळ घातला. मराठीत ‘समान’चा अर्थ बरोबरीचा असाही होतो आणि सारखा दिसणारा असाही, म्हणून ‘अधिक समान’ यात इंग्रजीतला धक्का पुरता बसत नाही, वाचणारा विचारतो, अधिक सारखे, पण कोणाशी? ‘समान’ बदलून दुसरे काही ठेवावे म्हणून मी बराच वेळ कोश चाळत होतो. मग शेवटचे पान पुन्हा काढले. बाहेर अंगणात जनावरे उभी आहेत, खिडकीतून आत पत्त्यांचा डाव दिसतो आहे, आणि डुकराच्या तोंडाकडून माणसाच्या तोंडाकडे पाहता पाहता कोण कोणते ते त्यांना सांगता येईनासे झाले आहे. कोश मिटला आणि ‘समान’ तसाच राहू दिला.