वेळापत्रकाचा तास

बडोदे, शनिवार रात्र

आज आठवीला इंग्रजीच्या तासाला रेल्वेचं वेळापत्रक दिलं. गाड्या माझ्या मनाच्या, स्टेशनं मात्र खरी: बडोदे, भरूच, अंकलेश्वर, सुरत, नवसारी. शाळा साडेबाराला सुटते, नवसारीला आजीकडे चारच्या आत पोचायचंय, तर कुठली गाडी धरायची? असाच एक प्रश्न आधी सगळ्यांनी मिळून फळ्यावर सोडवला. मग हा ज्याचा त्याने वहीत.

मुलांनी तो आणखी अवघड करून घेतला. स्टेशनपर्यंत रिक्षाला पंधरा मिनिटं, असं मी दिलं होतं. लगेच मागच्या बाकावरून आवाज आला की न्यायमंदिरापाशी दुपारी किती गर्दी असते, पंचवीस धरा. मग गुजरातीत जुंपली. ‘मोडुं थई जशे!’ म्हणजे उशीर होईल. मी थांबवलं नाही. विचार कुठल्याही भाषेत करा, उत्तर इंग्रजीत आलं पाहिजे, एवढीच माझी अट असते. बडोद्यातल्या मुलांच्या तोंडात गुजराती, हिंदी आणि कुणाच्या घरची मराठी सहज नांदते. या भाषांना वर्गाबाहेर ठेवून इंग्रजी येईल असं मला वाटत नाही.

दांडिया बाजारात राहणारी, एरवी हात वर न करणारी एक मुलगी उभी राहिली. ‘नो मॅडम, दॅट ट्रेन नॉट स्टॉप नवसारी.’ मी म्हटलं, ‘राइट, इट डझन्ट स्टॉप ॲट नवसारी. सो?’ तिने वहीत बोट फिरवलं. ‘सो वन-टेन ट्रेन. फास्ट ट्रेन डझन्ट स्टॉप.’ ‘डझन्ट’ तिने उचललं होतं, आणि आपण व्याकरण शिकतोय हे तिच्या गावीही नव्हतं. तिला गाडी पकडायची होती.

ही पद्धत माझी नाही. इंग्रजी कसं शिकवावं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 ते 1984 या काळात बेंगळुरू, मद्रासकडच्या शाळांत ती चालवून पाहिली. साधे वर्ग, तिथलेच शिक्षक. मुलांचं लक्ष अर्थाकडे, कोडं सोडवण्याकडे लागलं की व्याकरण आतून घडत जातं, असं त्यामागचं म्हणणं. गुण द्यायचे ते उत्तर बरोबर आलं का, यावर. गटकामावर त्यांचा भर नव्हता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं, कारण हल्ली प्रशिक्षणात पहिल्याच तासाला गट पाडतात.

मला त्यांचा 1990 मधला लेख जास्त जवळचा वाटतो. सर्वांत चांगली अशी एकच पद्धत का नसते, हे त्यात मांडलं आहे. शिकणं कसं घडतंय याची शिक्षकाची स्वतःची जाण जागी हवी. ती झोपली की उत्तमातली उत्तम पद्धतही नुसता रिवाज होते. 2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. हे तास मला हवेत, अगदी मनापासून हवेत. पण ते सगळे व्हिडिओ बघण्यात आणि प्रश्नमंजुषा भरण्यात जाऊ नयेत. त्यातले काही तरी एकमेकांच्या वर्गात मागे बसण्यासाठी राखून ठेवले पाहिजेत. आपण वर्गात काय करतो ते आपल्याला दिसत नाही, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना दिसतं.

म्हणून सातवीच्या बाईंना विचारलं, ‘सोमवारी माझ्या तासाला बसाल का?’ त्या म्हणाल्या, ‘बसते की, पण लिहू काय?’ मी म्हटलं, मुलांचा गोंगाट, फळ्यावरचं अक्षर, यातलं काही नको. प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते, तेवढंच घड्याळ लावून टिपा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजलं होतं: शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारीही बोलू लागतात. परक्या भाषेत वाक्य जुळवणाऱ्या मुलाला तर तो वेळ जास्तच हवा. बुधवारी मी त्यांच्या वर्गात बसेन.

उद्या नवं कोडं तयार करायचंय. पावागडचं करावं म्हणते: बडोद्याहून एसटी, वर जायला रोपवे, पाच जण, आणि खिशात ठरावीकच पैसे.